एका म्यानात दोन तलवारी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपली जुनी ‘विक्रांत’ २००१ ते २०१२ या काळात मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येत असे. त्या दिवसांत मीही एकदा ती पाहायला गेलो होतो. सातशे फूट लांबीचे जहाज म्हटले की डोळ्यांसमोर मोठे मैदान येते. प्रत्यक्षात वरच्या डेकवर उभा राहिलो आणि मनात आले, एवढीच जागा? एवढ्यात विमान उडायचे, उतरायचे, पंख मिटून एका कडेला लागायचे, आणि तेवढ्यात दुसऱ्याने यायचे! त्या दिवशी एक गोष्ट पक्की लक्षात आली. विमानवाहू जहाजावर प्रत्येक विमान दुसऱ्या कुठल्यातरी विमानाची जागा अडवून उभे असते. म्हणून तिथे कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही, हा प्रश्न फार जिव्हाळ्याचा होतो.

आज मी जी गोष्ट सांगणार आहे ती अमेरिकेची आहे आणि ती याच प्रश्नाभोवती फिरते. अमेरिकेच्या मरीन कॉर्प्सची लढाऊ विमाने नौदलाच्या जहाजावर कशी आली, का आली आणि त्यासाठी कोणी काय मोजले, याची ही गोष्ट.

आधी मरीन म्हणजे कोण ते पाहू. जहाजातून जायचे, शत्रूच्या किनाऱ्यावर उतरायचे आणि जमिनीवर लढायचे, हे मरीन सैनिकांचे मुख्य काम. हे दल नौदलाच्याच खात्याखाली येते, पण त्याचा सेनापती वेगळा, गणवेश वेगळा आणि अभिमानही वेगळा. एकत्र कुटुंबात एका भावाने वेगळी चूल मांडावी, तसा हा प्रकार. शिवाय या दलाची स्वतःची विमाने आहेत. मरीनचा पहिला वैमानिक आल्फ्रेड कनिंगहॅम २२ मे १९१२ रोजी विमानविद्या शिकायला रुजू झाला, तो दिवस हे लोक आपल्या विमानदलाचा जन्मदिवस मानतात. यांच्या वैमानिकांचे शिक्षण नौदलाच्याच शाळेत होते. छातीवरचे सोनेरी पंखही नौदलाचेच. मग वेगळे विमानदल कशाला? मरीनचे उत्तर एका वाक्याचे आहे : वाळूत पालथ्या पडलेल्या आमच्या शिपायाच्या डोक्यावर आमचे विमान असले पाहिजे.

आता नौदलाचे म्हणणे ऐका. जहाजावरच्या विमानांचे पहिले काम जहाज वाचवणे. जहाजच बुडाले तर विमान उतरणार कुठे? दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि सगळे भांडण या दोन खऱ्या गोष्टींमधले आहे.

तसे पाहिले तर पहिला संसार शांतपणे झाला होता. १९३१ ते १९३४ अशी तीन वर्षे मरीनच्या दोन टेहळणी स्क्वॉड्रन ‘सॅराटोगा’ आणि ‘लेक्सिंग्टन’ या जहाजांवर नांदल्या. शांततेचा काळ होता, कोणाचे काही अडले नाही. मग त्या उतरल्या आणि विषय मागे पडला.

तो पुन्हा वर आला ग्वादलकॅनालला. ७ ऑगस्ट १९४२ रोजी मरीन सैनिक प्रशांत महासागरातल्या या बेटावर उतरले. वरून संरक्षण द्यायला नौदलाची तीन विमानवाहू जहाजे होती. अॅडमिरल फ्लेचर यांनी दुसऱ्याच संध्याकाळी ती मागे घेतली. ९ तारखेला सामान वाहणारी जहाजेही निघून गेली. बरेचसे सामान अजून उतरायचेच होते. जपान्यांची विमाने रोज येत राहिली. बेटावरची अर्धवट धावपट्टी मरीननी पुरी केली आणि तिथे उतरायला पहिली विमाने २० ऑगस्टला आली : १९ वाइल्डकॅट आणि १२ डॉन्टलेस. मधल्या दिवसांत आकाश दुसऱ्याचे होते.

हे दिवस मरीन कधी विसरले नाहीत. ‘नौदल आम्हाला टाकून गेले,’ हे वाक्य पुढच्या पिढ्यांनी जणू वारशात घेतले. पण न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेची प्रशांतात तेव्हा मोठी विमानवाहू जहाजे होती फक्त चार. त्यांतली तीन एका बेटापाशी बांधून ठेवणे हा जुगार होता. आणि ग्वादलकॅनालच्या साऱ्या मोहिमेत समुद्रात मेलेल्या नौसैनिकांची संख्या जमिनीवर मेलेल्या अमेरिकी सैनिकांहून अधिक भरली. पण जखम झालेल्याला आकडे सांगून काय उपयोग?

पुढच्या वर्षी तारावा. नोव्हेंबर १९४३ मधली ७६ तासांची लढाई आणि सुमारे एक हजार मरीन मृत्युमुखी. विमाने होती, पण ती नौदलाची. खंदकाजवळच्या शिपायाला नेमके कुठे बॉम्ब हवेत, हे वरच्या वैमानिकाला समजत नव्हते. दोघांचा सराव कधी एकत्र झालाच नव्हता. तेव्हापासून मरीनचे सेनानी हॉलंड स्मिथ यांनी मागणी लावून धरली की, आमच्या किनाऱ्यावरच्या हल्ल्यांसाठी लहान विमानवाहू जहाजे द्या आणि त्यांवर आमचे वैमानिक ठेवा. मागणी रास्त होती. पण युद्धात रास्त मागण्यांचीही रांग असते.

इथे एक गंमत पाहा. मरीनजवळ तेव्हा जे विमान होते, ते मुळात जहाजासाठीच घडवलेले. त्याचे नाव कोर्सेर. गलबताच्या बुडासारखे वाकलेले पंख, जबर इंजिन आणि त्यामुळे भलेमोठे लांब नाक. हे नाकच घोडे अडवून बसले. डेकवर उतरताना वैमानिकाला समोरचे काही दिसेना. डावा पंख अचानक दगा देई आणि चाके टेकली की विमान चेंडूसारखे उसळे. नौदलाने डेकसाठी हेलकॅट हे सोपे विमान पसंत केले आणि कोर्सेर बहुतांशी मरीनना दिले, जमिनीवरून उडवायला. तिथे त्याने कमाल केली. मरीनची १२४ क्रमांकाची लढाऊ स्क्वॉड्रन हे विमान घेऊन फेब्रुवारी १९४३ मध्ये ग्वादलकॅनालहून लढाईत उतरली. हा क्रमांक लक्षात ठेवा. मधल्या काळात विमानात सुधारणा झाल्या. ब्रिटिश नौदलाने तर वळण घेत घेत उतरायचे, म्हणजे नाकाच्या बाजूने डेक दिसत राहतो, अशी रीत वापरून कोर्सेर जहाजावर रुळवलेही.

अखेर मरीनना जहाजाचे दार उघडले ते त्यांच्या मागणीमुळे नाही. दार उघडले जपान्यांनी.

२५ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपिन्सजवळ आत्मघातकी वैमानिकांचे संघटित हल्ले सुरू झाले. विमानासकट जहाजावर आदळायचे, परत जायचेच नाही. अशा शत्रूला दूरवरच अडवायला हवे, आणि त्यासाठी डेकवर बॉम्बफेकी विमाने कमी करून लढाऊ विमाने वाढवायला हवीत. एवढे लढाऊ वैमानिक नौदलाजवळ तयार नव्हते. मरीनजवळ होते, बेटांवरची लढाई पुढे सरकल्यामुळे मागच्या धावपट्ट्यांवर त्यांना फारसे काम उरले नव्हते. गरजेपुढे मान, अभिमान, जुनी भांडणे, सारे गुंडाळून ठेवावे लागले.

२८ डिसेंबर १९४४. उलिथी बेटांच्या नाळेत ‘एसेक्स’ हे ८७० फुटांचे विमानवाहू जहाज नांगरून होते. त्यावर मरीनच्या दोन स्क्वॉड्रन चढल्या, १२४ आणि २१३. सोबत ३६ कोर्सेर. त्यांना जागा करण्यासाठी जहाजावरची डुबकी मारून बॉम्ब टाकणारी विमाने उतरवली गेली. म्हणजे कोणीतरी उठले, तेव्हा हे बसले. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल विल्यम मिलिंग्टन यांच्याकडे होते. ही मुले कच्ची नव्हती. १२४ म्हणजे तर कोर्सेर लढाईत नेणारी पहिली स्क्वॉड्रन. पण जहाजावर उतरायचा त्यांचा सराव घाईघाईत उरकलेला होता.

३ जानेवारी १९४५ रोजी ते पहिल्या लढाईला उडाले, फॉर्मोसा आणि ओकिनावाच्या दिशेने. पहिल्या नऊ दिवसांत मरीननी सात वैमानिक आणि तेरा विमाने गमावली. आणि ही सारी हानी झाली अपघातांत. शत्रूची गोळी त्याला कारण नव्हती.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. सात तरुण मुले. बंदुकीसमोर छाती काढून उभी राहिलेली, आणि गेली कशाने? तर ढगांनी, पावसाने आणि परतीच्या वाटेने. जमिनीवरून उडणाऱ्याची धावपट्टी संध्याकाळी सकाळच्याच जागी असते. जहाजाचे तसे नसते. तुम्ही दोन-तीन तास लढून येता, तोवर ते कित्येक मैल सरकलेले असते. खाली खूण म्हणावी असे काही नाही, सगळीकडे सारखे पाणी. पेट्रोल संपत आलेले. जहाज दिसलेच, तर हलत्या डेकवर, हातात रंगीत पाट्या घेऊन उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या खुणांवर विश्वास ठेवून, शेपटीखालचा आकडा डेकवरच्या तारेत अडकवायचा. नौदलाच्या वैमानिकाने हे महिनोन्‌महिने घोटवलेले असते. या मुलांना ते दिवसांत शिकायचे होते. हुकूम एका सहीने निघतो. हात आणि डोळे मात्र सहीने तयार होत नाहीत.

जे टिकले ते शिकले. १२ जानेवारीला हेच कोर्सेर सायगाववर होते. फेब्रुवारीत ‘बेनिंग्टन’, ‘वास्प’ आणि ‘बंकर हिल’ या जहाजांवरही मरीनच्या प्रत्येकी दोन स्क्वॉड्रन आल्या आणि १६-१७ तारखेला टोकियोवर जे हल्ले झाले त्यांत मरीन होते. १९ फेब्रुवारीला इवो जिमा. मरीन सैनिक काळ्या वाळूवर उतरत असताना मिलिंग्टन यांच्या पुढारीपणाखाली ‘एसेक्स’वरची विमाने किनाऱ्याला जवळजवळ घासत गेली. ग्वादलकॅनालला जे मिळाले नव्हते, ते अडीच वर्षांनी, थोड्या वेळापुरते का होईना, मिळाले. पण जहाजांचा तांडा लवकरच पुन्हा जपानकडे वळला, कारण आत्मघातकी विमाने तिकडून येत होती. जहाज आधी, किनारा नंतर, हा हिशेब बदलला नव्हता.

जहाजावर राहायचे म्हणजे जहाजाच्या नशिबातही वाटेकरी व्हायचे. १९ मार्च १९४५ रोजी ‘फ्रँकलिन’वर जपानी विमानाचे बॉम्ब पडले. डेकवर बॉम्ब आणि पेट्रोलने भरलेली विमाने उभी होती, पुढचे सांगायला नको. सातशेहून अधिक माणसे गेली, त्यांत मरीनच्या २१४ आणि ४५२ या स्क्वॉड्रनची कित्येक. ११ मे रोजी ‘बंकर हिल’वर लागोपाठ दोन आत्मघातकी विमाने आदळली, तिथे साडेतीनशेहून अधिक गेले. जळत्या डेकवर कोण नौदलाचा आणि कोण मरीन, हे विचारायला कोणी उरले नाही. माझ्या मते दोन दले खरी एक झाली ती अशा दिवसांत. करारांनी झाली नाहीत.

या गोष्टीतले सर्वांत सुखाचे पान कोरियातले. १९५० च्या उन्हाळ्यात उत्तर कोरियाच्या फौजांनी दक्षिणेला एका कोपऱ्यात, पुसान बंदराभोवती, रेटत आणले होते. धावपट्ट्या एकेक करून हातच्या जात होत्या. मरीनची ब्रिगेड पुसानला उतरली आणि दुसऱ्याच दिवशी, ३ ऑगस्टला, ‘सिसिली’ या लहान विमानवाहू जहाजावरून २१४ स्क्वॉड्रनचे कोर्सेर मदतीला आले. होय, ‘फ्रँकलिन’वर होरपळलेली तीच २१४. तिच्या पाठोपाठ ‘बाडोंग स्ट्रेट’वरून ३२३. ‘सिसिली’चे कप्तान होते नौदलाचे जॉन थॅच, स्वतः नामांकित लढाऊ वैमानिक. खाली मरीनच्या पलटणीबरोबर रेडिओ घेऊन जो माणूस चालत होता, तोही वैमानिकच. वरच्याला डोंगर कसा दिसतो हे खालच्याला ठाऊक, आणि खालच्याचा जीव कशात अडकला आहे हे वरच्याला. हॉलंड स्मिथ यांनी जे मागितले होते, ते नेमके हेच. इंचॉनला आणि त्याच हिवाळ्यात चोसिनच्या बर्फात हीच रीत कामी आली. मरीनचे वेगळे विमानदल हवे कशाला, असे वॉशिंग्टनमध्ये विचारले जात असतानाच हे घडत होते. १९५२ साली कायद्यानेच ठरले की मरीनच्या तीन डिव्हिजन आणि तीन विमान-विंग राहतील.

व्हिएतनामच्या काळात मरीनच्या काही स्क्वॉड्रन आळीपाळीने जहाजांवर येत राहिल्या. त्यातले एक दृश्य मला फार आवडते. ९ मे १९७२, हायफाँग बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरायचे होते. ‘कोरल सी’वरून नौदलाची सहा आणि मरीनची तीन विमाने निघाली. पुढचे विमान मरीनचे. त्यात चालवणारे नौदलाचे कमांडर रॉजर शीट्स आणि शेजारच्या आसनावर वाट आणि वेळ सांगणारे मरीनचे कॅप्टन चार्ली कार. दोन गणवेश, एक खोपडी, आणि दोघांचा जीव एकमेकांच्या हाती. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला ‘अमेरिका’ या जहाजावरच्या मरीन स्क्वॉड्रनचे लॅसिटर आणि कमिंग्ज यांनी मिग-२१ पाडले. परतताना त्यांचेही विमान पडले, पण दोघे समुद्रातून सुखरूप उचलले गेले.

यानंतरचा मोठा करार २००२ साली झाला, आणि या वेळी दार उघडले पैशाने. नवी विमाने महाग होत चालली होती. नौदल आणि मरीन यांनी मिळून एकच हिशेब मांडला. मरीनच्या दहा स्क्वॉड्रन नौदलाच्या जहाजांवर राहायच्या आणि बदल्यात नौदलाच्या तीन स्क्वॉड्रन मरीनच्या जमिनीवरच्या पाळीत जायच्या. दोघांच्या मिळून ६८ स्क्वॉड्रनच्या ५९ करायच्या आणि १,६३७ ऐवजी १,१४० विमानांवर भागवायचे. म्हणजे ४९७ विमाने कमी आणि २०२१ पर्यंत सुमारे २८ अब्ज डॉलरची बचत. २००४ साली नौदलाची ९७ क्रमांकाची स्क्वॉड्रन खरोखरच जपानमधल्या इवाकुनी तळावर, मरीनच्या जागी, जाऊन राहिली. सत्तर वर्षांत मरीन जहाजावर जात आले, आता नौदलाने जमिनीवर यायचे होते.

कागदावर हिशेब चोख होता. पण विमाने कमी केली की उरलेली सतत तयार ठेवावी लागतात, आणि त्या डागडुजीला पैसा व सुटे भाग लागतात. शिवाय इराक आणि अफगाणिस्तानात मरीन सैनिक जमिनीवर लढत असताना त्यांची विमाने जहाजावर का, ही जुनी कुरकुर होतीच. २०११ मध्ये नवा करार झाला, तेव्हा जहाजावरून उडणारी ८० एफ-३५सी विमाने, पाच स्क्वॉड्रनपुरती, मरीनच्या वाट्याला आली. त्यांनी मुख्य भर दिला तो उभे उतरणाऱ्या ३४० एफ-३५बी विमानांवर. या विमानाला मोठे जहाज लागत नाही, किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या मरीनच्या नेहमीच्या जहाजावरही ते उतरते. ग्वादलकॅनालची आठवण इथे दिसते. कोणाच्या डेकवर अवलंबून राहायला नको, हा तो धडा.

आणि तरीही पान पुन्हा उलटले. ३१४ ही मरीनची स्क्वॉड्रन जानेवारी २०२२ मध्ये ‘अब्राहम लिंकन’वर एफ-३५सी घेऊन गेली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये येमेनमधल्या हल्ल्यांत या विमानाचा पहिला प्रत्यक्ष युद्धवापर झाला तो हिच्याच हातून. २०२५ च्या योजनेत मरीनने उभ्या उतरणाऱ्या विमानांचा आकडा २८० वर आणला आणि जहाजावरच्यांचा १४० वर नेला. वेगळ्या चुलीचा हट्ट आहे, पण मोठ्या घराचे दारही सोडवत नाही.

जहाजावरच्या मरीन विमानांच्या शेपटीवर त्या जहाजाच्या विंगची अक्षरे असतात आणि अंगावर मात्र ठळक लिहिलेले असते, ‘मरीन्स’. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे आपण म्हणतो. या इतिहासावरून मला वाटते की राहतात, पण त्यासाठी म्यान घाईत शिवून चालत नाही. १९४४ साली गरज होती, हुकूम निघाला, आणि सरावाला द्यायचा वेळ देता आला नाही. तो वेळ शेवटी सात मुलांकडून वसूल झाला. दोन खाती, दोन कार्यालये, दोन दले एकत्र करण्याचे निर्णय आपल्याही आसपास होत असतात. सही करणाऱ्याने बचतीचे आकडे जरूर पाहावेत. पण ज्यांना संध्याकाळी हलत्या डेकवर उतरायचे आहे, त्यांना शिकायला किती दिवस दिले, हा आकडा त्याने आधी विचारावा.